ॲडमिरल वॉटसन आणि घेरियाची आग

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याचे संगमरवरी स्मारक आहे. अंगावर रोमन पद्धतीचा पायघोळ झगा, हातात विजयाची फांदी, एका बाजूला गुडघे टेकून उपकार मानणारी कलकत्ता नगरी आणि दुसऱ्या बाजूला साखळदंडात जखडलेला चंद्रनगरचा माणूस. आराखडा जेम्स स्टुअर्टचा, घडवले पीटर शीमेकर्सने आणि खर्च केला ईस्ट इंडिया कंपनीने. या अधिकाऱ्याच्या नावावर जे तीन विजय तिथे कोरलेले आहेत, त्यांतला पहिला कलकत्त्याचा नाही आणि चंद्रनगरचाही नाही. तो घेरियाचा आहे. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. पायथ्याशेजारच्या गिर्ये गावावरून पडलेले ते जुने नाव इंग्रजांच्या कागदांत कायम राहिले.

या माणसाचे नाव चार्ल्स वॉटसन. शाळेच्या पुस्तकांत तो प्लासीच्या प्रकरणात क्लाइव्हच्या मागे कुठेतरी उभा असतो. मराठी लेखनात त्याचा उल्लेख येतो तो बहुधा एका वाक्यापुरता: ‘नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांचे आरमार बुडवले.’ या वाक्यातला कर्ता नानासाहेब, कर्म तुळाजी आणि इंग्रज फक्त करणरूपाने, तृतीया विभक्तीत. मला ही विभक्ती बरेच दिवस खटकत होती. ज्याच्या ‘मदतीने’ हे सगळे झाले तो माणूस कोण होता, कुठून वर आला आणि कोणत्या हिशेबाने कोकण किनाऱ्यावर उतरला, हे पाहिल्याशिवाय पुण्याच्या दरबाराने काय केले तेही नीट कळत नाही, अशी माझी समजूत आहे.

मी बारामतीचा. कऱ्हेकाठच्या या गावात बसून आरमाराबद्दल लिहिणे विचित्र वाटेल. समुद्र आणि आमच्यामध्ये सह्याद्रीची अख्खी भिंत आहे. बोटी पाहायच्या तर आम्ही इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्यावर जातो, तेही भिगवणचे रोहित पक्षी पाहायला. ‘देशावरच्या माणसाला समुद्र कळत नाही, म्हणून पेशव्यांनी आरमार गमावले’ हे विधान मी अनेकदा ऐकले आहे, आणि बोलणारा बहुतेक वेळा कोकणातला असतो. पण या विधानाला इंदापूरच उत्तर देते. शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, असे ‘शिवभारत’ सांगते. त्यांचा नातू पुण्याच्या जहागिरीत वाढला, १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती येताच त्याने जहाजे बांधायला घेतली, आणि पुढे सिंधुदुर्ग उभा केला. देशावरचा माणूस समुद्र जाणू शकतो याला याहून मोठा पुरावा नको. तेव्हा भूगोलावर खापर फोडून चालणार नाही. उत्तर दुसरीकडे शोधावे लागेल, आणि त्यातला एक धागा बारामतीतूनच जातो. त्याच्याकडे येतोच. आधी वॉटसन.

चार्ल्स वॉटसनचा जन्म १७१४चा. वडील जॉन वॉटसन हे वेस्टमिन्स्टर ॲबीच्याच धर्मपीठावरचे एक मानकरी पाद्री. म्हणजे ज्या वास्तूत बापाने सेवा केली तिथेच पुढे मुलाचे स्मारक झाले. १७२८ साली, चौदाव्या वर्षी, तो ‘रॉम्नी’ या जहाजावर दाखल झाला. त्या काळी इंग्रजांच्या राजाच्या आरमारात अधिकारी व्हायचे तर मुलगा लहानपणीच जहाजावर पाठवत. निदान सहा वर्षे समुद्रावर काढावीत, मग वरिष्ठ कप्तानांसमोर तोंडी परीक्षा द्यावी, ती उतरली तर लेफ्टनंट. ही परीक्षा १६७७ पासून चालू होती. पायदळात कमिशन विकत मिळे, जहाजावरचे मिळत नसे, कारण नांगर टाकता न येणाऱ्या उमरावपुत्राच्या हाती जहाज दिले तर ते खडकावर जाते, आणि खडक कोणाचे घराणे पाहत नाही.

याचा अर्थ तिथे वशिला चालत नव्हता असा मात्र नाही. वॉटसनचा मामा सर चार्ल्स वेजर हा १७३३ ते १७४२ या काळात आरमार खात्याचा प्रमुख होता. भाचा १७३८ साली, चोविसाव्या वर्षी, कप्तान झाला. या दोन गोष्टींचा संबंध लावायला फार मोठ्या संशोधनाची गरज नाही. पण मामाने जहाज मिळवून दिले तरी लढाई मामा लढत नाही. १७४४ मध्ये तुलाँच्या समुद्रात ‘ड्रॅगन’वर, आणि १७४७ मध्ये फ्रेंचांविरुद्धच्या फिनिस्टेअरच्या दोन्ही लढायांत ‘प्रिन्सेस लुइझा’वर वॉटसन होता. पहिली लढाई अ‍ॅन्सनच्या हाताखाली, दुसरी हॉकच्या. तोवर मामा वारला होता. १७४८ मध्ये वॉटसनला न्यूफाउंडलंड आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याचे काम मिळाले आणि त्याच वर्षी, चौतिसाव्या वर्षी, तो रिअर ॲडमिरल झाला. १७५४ मध्ये त्याची नेमणूक पूर्वेच्या समुद्रावरील राजाच्या आरमाराचा सेनापती म्हणून झाली. ‘केंट’ या सत्तर तोफांच्या जहाजावर निशाण चढवून तो हिंदुस्थानकडे निघाला.

इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा, नाहीतर पुढचे काही कळत नाही. मुंबईत कंपनीचे स्वतःचे आरमार होते, त्याला बॉम्बे मरीन म्हणत. १७५५च्या एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग घेणारा कमोडोर विल्यम जेम्स हा त्या कंपनीच्या आरमारातला. वॉटसन कंपनीचा नोकर नव्हता. तो राजाचा माणूस होता. कंपनीचे गव्हर्नर त्याला विनंती करू शकत, आज्ञा देऊ शकत नसत. ही ऐट वॉटसनच्या स्वभावात पुरेपूर होती, आणि पुढे तिने क्लाइव्हलाही घाम फोडला.

आता पुण्याची बाजू.

कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. शाहूमहाराजांच्या बाजूने बाळाजी विश्वनाथांनी १७१३ मध्ये त्यांच्याशी जो तह केला होता, त्यात कान्होजींना सरखेल हे पद आणि किनाऱ्यावरचे नि डोंगरातले बरेच किल्ले मिळाले. हा तह सुज्ञपणाचा होता असे सगळेच म्हणतात, आणि तो होताही. पण त्यात एक गोष्ट कायमची ठरून गेली. महाराष्ट्राचे आरमार एका घराण्याचे झाले. शिवाजीमहाराजांच्या काळी दौलतखान आणि दर्यासारंग हे राज्याचे चाकर होते. आज एकाला काढून उद्या दुसरा नेमता येत होता. संभाजीमहाराजांच्या वधानंतर छत्रपती जिंजीला गेले आणि किनारा ज्याने स्वतःच्या मनगटावर सांभाळला त्याचाच तो झाला, यात अन्यायही काही नव्हता. मात्र घराण्याच्या मालमत्तेला घराण्याचे रोग होतात. कान्होजींमागे मुलांत वाटण्या झाल्या, कुलाबा मानाजीकडे, दक्षिणेकडचे संभाजीकडे, आणि संभाजी गेल्यावर ते तुळाजीकडे. भावाभावांच्या तंट्यात पेशवे पंच म्हणून शिरले आणि पक्षकार होऊन बाहेर आले.

तुळाजी बापासारखा दर्यावर्दी, बापाहून तापट. १७४९ मध्ये त्याने इंग्रजांचे ‘रिस्टोरेशन’ हे जहाज पकडून आपल्या ताफ्यात घातले. त्याच्या दस्तकाशिवाय जाणारे गलबत कोणाचेही असो, तो धरी. पुण्याचे हुकूम तो मानत नव्हता, कोकणातल्या पेशव्यांच्या मुलखावर हात टाकत होता. यात त्याची बाजू घेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की किनाऱ्यावरच्या मराठी व्यापाऱ्यांना आणि सावंतवाडीकरांसारख्या शेजाऱ्यांनाही तो फार प्रिय होता असे नाही.

आणि इथे बारामती येते. कऱ्हेच्या काठी ज्यांचा भक्कम वाडा होता ते बाबूजी नाईक जोशी म्हणजे त्या काळचे मोठे सावकार. थोरल्या बाजीरावाच्या डोक्यावरच्या कर्जात त्यांचा मोठा हिस्सा होता. त्यांचे भाऊ आबाजी नाईक हे बाळाजी विश्वनाथांचे जावई, म्हणजे नानासाहेबांच्या आत्याबाई भिऊबाई या बारामतीच्या घरात दिलेल्या. सोयरीक इतकी जवळची आणि तरीही १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर पेशवेपदासाठी नानासाहेबांविरुद्ध उभे राहिले ते हेच बाबूजी नाईक. रघुजी भोसल्यांचा त्यांना पाठिंबा होता. शाहूमहाराजांनी वस्त्रे नानासाहेबांना दिली. नाईकांना पुढे कर्नाटकच्या मोहिमा मिळाल्या, त्यांत यश आले नाही, आणि त्यांचे राजकारण हळूहळू विझले. आज बाबूजी नाईक लोकांच्या लक्षात आहेत ते मोरोपंतांचे आश्रयदाते म्हणून. पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत त्यांच्या पदरी बारामतीत स्थिरावले. त्यांचा जन्म १७२९चा, कान्होजी वारले त्याच सालचा. पण पंतांचा सागर पुराणांतला, त्यावर गुराबा चालत नाहीत.

एकोणीस-वीस वर्षांच्या नानासाहेबाने राज्यकारभाराचा पहिला धडा असा घेतला, की सावकार, सरदार, सोयरे यांतला जो बळकट होईल तो उद्या आपल्या गादीवर डोळा ठेवील. पुढची वीस वर्षे त्याने एकेक माणूस वाकवण्यात घालवली. दाभाडे, गायकवाड, ताराबाई, रघुजी, बाबूजी नाईक. तुळाजी त्याला याच रांगेतला शेवटचा दिसला. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. पुण्याच्या वहीत तुळाजी हे ‘आरमार’ या सदरात नव्हतेच. ते ‘शिरजोर सरदार’ या सदरात होते. बाबूजी नाईकांना मोडताना एका सावकाराची पत गेली. गेलेली पत दुसऱ्याकडून उसनी मिळते. तुळाजीला मोडताना जे जाणार होते ते उसने मिळण्यासारखे नव्हते.

पेशव्यांना समुद्राचे काही वाटत नव्हते, हेही खरे नाही. १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तिथे त्यांनी स्वतःचे आरमारी ठाणे उभारले होते. नानासाहेबाला विजयदुर्ग बुडवायचा नव्हता, स्वतःच्या हाती घ्यायचा होता. चूक झाली ती १७५५च्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रजांशी झालेल्या तहात. पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव बिवलकरांनी तो ठरवला. जमिनीवरून मराठी फौज लढेल, समुद्रावरची हुकमत इंग्रजांची राहील, आणि मोबदल्यात बाणकोट इंग्रजांना. समुद्रावरची हुकमत हे दोन शब्द त्या तहात एखाद्या किरकोळ कलमासारखे आले आहेत. महिन्याभरात सुवर्णदुर्ग पडला, तो मुख्यतः जेम्सच्या तोफांनी. मराठी बाजूची गलबते दूरच राहिली. जेम्स पुढे कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि त्याच्या विधवेने लंडनजवळ शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ नावाचा मनोरा बांधला. सुवर्णदुर्गाचा हा उच्चार ऐकून हसू येते, पण मनोरा अजून उभा आहे.

विजयदुर्ग मात्र जेम्सच्या आवाक्यातला नव्हता, आणि इथे निव्वळ योगायोगाने वॉटसन आला. १७५५च्या उत्तरार्धात क्लाइव्ह विलायतेहून मुंबईला उतरला, तो आंग्र्यांसाठी नव्हे. बेत असा होता की मराठ्यांशी हातमिळवणी करून निजामाच्या पदरी असलेल्या फ्रेंच बुसीवर जायचे. मुंबईच्या कौन्सिलने तो बेत गुंडाळला. तेवढ्यात नोव्हेंबरमध्ये वॉटसनही जहाजांच्या डागडुजीसाठी मुंबईला आला. पावसाळ्यात मद्रासच्या उघड्या किनाऱ्यावर मोठी जहाजे ठेवता येत नसत, आणि मुंबईत तर १७५० पासून कोरडी गोदीही होती. असे एक तयार आरमार, एक तयार फौज आणि काम काहीच नाही. कौन्सिलने दोघांना घेरिया सुचवले. मराठी इतिहासाचे एक वळण एका रद्द झालेल्या मोहिमेच्या शिलकीतून आले.

निघण्यापूर्वी सगळे अधिकारी मुंबईत बसले आणि पहिला विषय काढला तो लुटीच्या वाटणीचा. आपल्याला हे ओंगळ वाटते, पण तिथे तो कायद्याचा विषय होता. १७०८च्या कायद्याने समुद्रावर मिळालेल्या लुटीचे आठ भाग ठरले होते. तीन भाग कप्तानाचे, आणि वर ॲडमिरल असेल तर त्यांतला एक त्याचा. उरलेले पाच खालच्या अधिकाऱ्यांपासून खलाशांपर्यंत. पगार तुटपुंजे, काम नसेल तेव्हा अर्धे. त्यामुळे घर बांधायचे ते लुटीतूनच. घेरियाच्या वाटणीत वॉटसन आणि त्याचा दुय्यम रिअर ॲडमिरल पोकॉक यांचे भाग ठरले, आणि क्लाइव्हला जहाजाच्या कप्तानांच्या बरोबरीने बसवले. क्लाइव्हच्या पायदळाने कुरकुर केली. तेव्हा वॉटसनने सांगितले, की क्लाइव्हचा वाटा पोकॉकएवढा होण्यास जे कमी पडेल ते मी माझ्या पदरचे देईन. किल्ला पडल्यावर त्याने ते देऊ केलेही, आणि क्लाइव्हने ते घेतले नाही. दोघांचेही यात कौतुक होते, आणि व्हावेही. पण त्याच बैठकीत आणखी एक ठराव झाला होता. मराठ्यांना या लुटीत वाटा नाही. ज्यांच्या सांगण्यावरून, ज्यांच्या मुलखात आणि ज्यांच्या बंडखोर सरदारावर ही स्वारी चालली होती, त्यांचे नाव वाटणीच्या यादीतून निघण्याआधीच खोडले गेले.

७ फेब्रुवारी १७५६ रोजी आरमार मुंबईहून निघाले. ‘केंट’, ‘कंबरलंड’, ‘टायगर’, ‘सॉल्झबरी’ ही राजाची मोठी जहाजे, सोबत लहान जहाजे, कंपनीचा ‘प्रोटेक्टर’, आणि उंच कमानीने स्फोटक गोळे फेकणारी बॉम्ब जहाजे. इकडे रामाजी महादेव आणि खंडोजी माणकर यांची फौज जमिनीकडून विजयदुर्गाला भिडली होती. तुळाजीने समोरचा ताफा पाहिला आणि किल्ला मेव्हण्याच्या हवाली करून तो मराठी छावणीत बोलणी करायला गेला. त्याला माणसे ओळखीची होती. तहाची भाषा एकच होती. देशावरच्या रिवाजाप्रमाणे याचा शेवट दंड, खंडणी, दोन किल्ले देऊन-घेऊन झाला असता.

वॉटसनला नेमके तेच नको होते. किल्ला मराठ्यांच्या हाती बोलण्यांनी गेला तर लूट जाते. १२ फेब्रुवारीला दुपारी समुद्रावरचा वारा सुटताच जहाजे दोन ओळींनी खाडीत शिरली आणि तटाला बगल देऊन नांगर टाकून उभी राहिली. चारच्या सुमारास एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे तेच इंग्रजांकडून घेतलेले जहाज. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते तटाखाली एकमेकांना दोरांनी बांधून ठेवलेली होती. पाल, दोर, डांबर, वाळलेले सागवान. आग एका डोलकाठीवरून दुसरीवर गेली, आणि काही तासांत सगळा ताफा जळाला. बांधणीवर असलेली जहाजेही गेली.

‘मराठ्यांचे आरमार जाळले’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणीतरी हुकूम देऊन मशाल लावली असा भास होतो. तसे झाले नाही. ती जहाजे धरून नेली असती तर वॉटसनच्या माणसांना त्यांचा पैसा मिळाला असता. आग त्यांच्याही हिशेबात नव्हती. यामुळे दोष कमी होतो असे मी म्हणत नाही. ज्याने दुसऱ्याचा तोफखाना आपल्या बंदरात बोलावला, त्याच्या हाती गोळा कुठे पडावा हे राहत नाही.

त्याच रात्री क्लाइव्ह फौज घेऊन उतरला आणि किल्ला व मराठी छावणी यांच्या मधोमध जाऊन बसला. तटावरच्या माणसांना मराठ्यांकडे शरण जाता येऊ नये यासाठी. १३ तारखेला किल्ला इंग्रजांना शरण गेला. मराठी बाजूने पहाऱ्यावरच्या एका इंग्रज कप्तानाला मोठ्या रकमेचे आमिष दाखवून आत शिरण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. आत दोनशेवर तोफा आणि रोकड-चीजवस्तू मिळून दहा लाखांच्या घरातला ऐवज सापडला. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून विसाच्या आसपास. हा आकडा वाचताना मी थांबतो. कान्होजींच्या काळापासून इंग्रज आणि पोर्तुगीज ज्या किल्ल्यावर डोके आपटून गेले तो एवढ्या किमतीत गेला.

‘केंट’वरचा शस्त्रवैद्य एडवर्ड आइव्हज याने पुढे १७७३ मध्ये आपले प्रवासवर्णन छापले. किल्ल्यात सापडलेल्या तुळाजीच्या कुटुंबाला वॉटसन भेटायला गेला, त्याची हकिकत त्यात आहे. बायका रडत होत्या, आता आम्हाला कोणी उरले नाही म्हणत होत्या. ॲडमिरलने त्यांना धीर दिला, की तुमचा सांभाळ मी बापासारखा करीन. तेव्हा सहा वर्षांच्या एका पोराने त्याचा हात धरला आणि हुंदके देत त्याला बाप म्हटले, आणि ॲडमिरलला डोळ्यांतले पाणी लपवण्यासाठी तोंड फिरवावे लागले. आइव्हज आपल्या धन्याचा भक्त होता, थोडा रंग चढवला असेल. तरी प्रसंग खोटा वाटत नाही. त्या पोराचा खरा बाप मराठी छावणीत कैदी होता, आणि इंग्रजांनी मागितला तरी तो पेशव्यांनी त्यांना दिला नाही.

किल्लाही इंग्रजांनी लगेच दिला नाही. पुण्याहून तगादे सुरू झाले. बाणकोटऐवजी विजयदुर्गच ठेवावा असे मुंबईकरांना वाटू लागले होते. अखेर १२ ऑक्टोबर १७५६ रोजी पुण्यात नवा तह झाला आणि त्यानंतर विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. जहाजांशिवायचा, तोफांशिवायचा, खजिन्याशिवायचा. बाणकोट इंग्रजांकडे पक्का झाला.

तोवर वॉटसन कोकण सोडून केव्हाच गेला होता. जूनमध्ये सिराजउद्दौल्याने कलकत्ता घेतल्याची बातमी मद्रासला पोहोचली आणि ऑक्टोबरमध्ये तेच आरमार, तोच क्लाइव्ह बंगालकडे निघाले. घेरियात जी जोडी जमली, ती तिकडे कामी आली. २ जानेवारी १७५७ला कलकत्ता परत घेतले, आणि लगेच दोघांचे भांडण झाले. किल्ला राजाच्या आरमाराने घेतला म्हणून वॉटसनने आपल्या वतीने आयर कूटला किल्लेदार नेमले. क्लाइव्ह म्हणाला, मी हलत नाही. वॉटसनने तोफा लावण्याची धमकी दिली. मध्यस्थी होऊन असे ठरले, की वॉटसनने स्वतः किनाऱ्यावर येऊन किल्ल्या घ्याव्यात आणि कंपनीच्या हाती द्याव्यात. चंद्रनगरवर जाताना, नवाबाची संमती असल्याखेरीज फ्रेंचांवर तोफ डागणार नाही असा त्याने बरेच दिवस हट्ट धरला. मग २३ मार्चला गोळ्यांच्या वर्षावात ‘केंट’ तटाला नेऊन भिडवली. घेरियात लागली नव्हती ती किंमत इथे द्यावी लागली. ‘केंट’चा कप्तान स्पीक आणि त्याचा सोळा वर्षांचा मुलगा एकाच गोळ्याने जखमी झाले, आणि मुलगा त्यातच गेला.

प्लासीच्या आधी उमिचंद सावकाराला फसवण्यासाठी क्लाइव्हने दोन तहनामे केले, एक पांढऱ्या कागदावर खरा आणि एक तांबड्या कागदावर खोटा. खोट्यावर सही करायला वॉटसनने नकार दिला. क्लाइव्हने ती लशिंग्टन नावाच्या माणसाकडून करवून घेतली. वॉटसनची गोष्ट सांगणारे इंग्रज लेखक इथे अभिमानाने थांबतात. मला मात्र यात त्याचा सगळा स्वभाव दिसतो. खोटी सही तो करणार नाही. पण ती झाल्यावर जे घडले त्याला त्याचे आरमार पाठीशी होतेच. घेरियाला मराठ्यांचा वाटा खोडण्याचा ठरावही त्याच्या दृष्टीने नियमात बसणाराच होता.

१६ ऑगस्ट १७५७ रोजी, प्लासीनंतर आठ आठवड्यांच्या आत, कलकत्त्याच्या हवेने त्याचा बळी घेतला. वय ४३. सेंट जॉन्सच्या आवारात त्याला पुरले. त्याच्या मुलाला १७६०मध्ये सरदारकी मिळाली, आणि पूर्वेच्या समुद्राची सूत्रे पोकॉकने घेतली. एकही जहाज निशाण उतरवून घरी गेले नाही. ॲडमिरल मेला, आरमार तसेच राहिले. तुळाजी तर जिवंत होता आणि त्याचे काहीच उरले नव्हते. दोन माणसांच्या शौर्यात फारसा फरक मी करणार नाही. एकामागे मामा होता तसा दुसऱ्यामागे बाप होता. फरक असा, की वॉटसनची जागा भरण्याची सोय त्याच्या जन्माआधीच झालेली होती. दरसाल कुठल्यातरी जहाजावर चौदा वर्षांची पोरे चढत होती.

विजयदुर्गावर पुढे पेशव्यांनी स्वतःचा आरमारी सुभा बसवला आणि तो आनंदराव धुळपांकडे आला. मराठी आरमार १७५६ला संपले असे सरसकट लिहिणाऱ्यांनी धुळपांकडे पाहावे. ८ एप्रिल १७८३ रोजी धुळपांच्या ताफ्याने कंपनीच्या ‘रेंजर’ जहाजाला गाठले, घनघोर लढाई झाली आणि ‘रेंजर’ पकडून विजयदुर्गाला आणले. तोवर सालबाईचा तह झालेला होता, आणि जहाज परत करावे लागले. तुळाजी आंग्रे वॉटसनपेक्षा कितीतरी वर्षे अधिक जगला. एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर त्याला हलवत राहिले, आणि तो वारला तेव्हाही पेशव्यांच्या कैदेतच होता.